अपग्रेडनंतर लिनक्सचं पार्टिशन दिसेनासं झालं? डिस्कवर काहीही लिहिण्याआधी हे करा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरचे लॅपटॉप विंडोज ११ वर जाऊ लागले. ज्यांच्याकडे त्याच डिस्कवर उबंटू किंवा लिनक्स मिंटही आहे, त्यांच्यापैकी काहींना अपग्रेडनंतर धक्का बसतो. सुरुवातीचा मेनू येतच नाही, मशीन थेट विंडोजमध्ये शिरतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, क्लायंटचा कोड, दहा वर्षांचे फोटो असं सगळं ‘त्या बाजूला’ असतं आणि ती बाजूच दिसत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मेनूतून नाव गेलं म्हणून डिस्कवरचा मजकूर जात नाही. सोसायटीच्या जिन्याखालच्या पाटीवरून कुणी तुमचं नाव पुसलं, तर तिसऱ्या मजल्यावरचं घर कुठं जात नाही. पण पाटी रिकामी दिसली म्हणून दुसऱ्या कुणी आत सामान आणून टाकलं, तर मात्र प्रश्न येतो. पार्टिशन (म्हणजे डिस्कचा वेगळा आखलेला भाग) हरवतं त्या क्षणी सहसा नुकसान होत नाही. ते होतं त्यानंतरच्या तासाभरात, घाबरून केलेल्या ‘दुरुस्ती’मुळे. म्हणून या लेखात आधी पाहायचं, मग नक्कल काढायची, आणि लिहायचं सगळ्यात शेवटी.

एक सूचना: आज्ञा आणि मेनूतली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आधी काय करायचं नाही

विंडोज ‘ही ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विचारेल. ‘कॅन्सल’ दाबा. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर ‘इनिशियलाइझ डिस्क’ची खिडकी आली तरी ‘कॅन्सल’च. ‘ओके’ दाबलं तर नवा, रिकामा पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठून कुठवर आहे याची डिस्कवरची यादी) लिहिला जातो. लिनक्सच्या पार्टिशनवर उजवं क्लिक केलं की विंडोज बहुधा एकच कामाचा पर्याय देतं, तो म्हणजे ‘डिलीट व्हॉल्यूम’. तो ‘इथं काय आहे ते बघू’ म्हणून दाबण्यासाठी नाही. मोकळी दिसणारी जागा सी ड्राइव्हला जोडणं, त्यात नवी ड्राइव्ह बनवणं, लिनक्स ‘पुन्हा वरून’ इन्स्टॉल करणं, हे सगळं टाळा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करू नका. विंडोज चालू ठेवून शोधाशोधही करू नका, कारण विंडोज मागे सतत काही ना काही लिहीत असतं.

नेमकं काय हरवलंय?

इथे पाच मिनिटं खर्च करा, पुढचे पाच तास वाचतील. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, खालच्या अर्ध्या भागातली पट्टी नीट पाहा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढा.

तुमच्या लिनक्सच्या आकाराचा तुकडा तिथे ‘हेल्दी’ म्हणून दिसतोय, पण त्याला ना अक्षर आहे ना फाइल सिस्टिमचं नाव? मग पार्टिशन जागेवर आहे. विंडोजला ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून ते असं मुकं दिसतं. फक्त बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची याची, नोंद बिघडली आहे. अपग्रेडनंतर बहुतेकदा हेच झालेलं असतं.

त्या जागी काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ लिहिलंय? मग टेबलातली नोंद गेली. आतला मजकूर बहुधा तसाच आहे, पण कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे सांगणारी ओळ नाही.

त्या जागेवर नवं एनटीएफएस, म्हणजे विंडोजचं, पार्टिशन बसलंय, किंवा सी ड्राइव्ह वाढून तिथपर्यंत पोचलाय? मग टेबलाला हात लावून उपयोग नाही, फायली बाहेर काढायच्या. त्याबद्दल पुढे येईलच.

साधं अपग्रेड लिनक्सचं पार्टिशन सहसा पुसत नाही. विंडोजचं मोठं अपडेट फार तर सी ड्राइव्ह शेवटाकडून थोडा कापून कमीअधिक एक जीबीचं नवं रिकव्हरी पार्टिशन बनवतं. पार्टिशन खरोखर जातं ते इतर वाटांनी. ‘क्लीन इन्स्टॉल’ करताना यादीतलं अनोळखी पार्टिशन डिलीट केलेलं असतं, किंवा कंपनीची ‘फॅक्टरी रिकव्हरी’ चालवल्याने अख्खी डिस्क नव्याने आखली गेलेली असते. जुन्या मशीनवर आणखी एक वाट आहे. विंडोज ११ ला यूईएफआय (मशीन सुरू करणारं नव्या पद्धतीचं फर्मवेअर) लागतं, म्हणून डिस्क एमबीआर या जुन्या प्रकारच्या पार्टिशन टेबलावरून जीपीटी या नव्या प्रकारावर न्यावी लागते. विंडोजचं ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन डिस्कवर एक्स्टेंडेड (पोटात आणखी ‘लॉजिकल’ पार्टिशनं ठेवणारं) पार्टिशन असेल तर नकार देतं, आणि जुन्या उबंटूचं घर बहुतेकदा नेमकं त्या एक्स्टेंडेडमध्येच असतं. अडथळा दूर करायचा म्हणून लोक ते डिलीट करतात. तुमच्याकडे असं झालं असेल तर आत्ताच आठवून लिहून ठेवा, कारण जुना टेबल एमबीआर होता की जीपीटी हे पुढे लागणार आहे.

बायॉसमध्ये शिरण्याआधी बिटलॉकरची चावी

ही पायरी वगळू नका. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सोय) बदललं किंवा बूटचा क्रम हलवला की पुढच्या वेळी निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर लिनक्स वाचवता वाचवता विंडोज हातचं जायचं.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘मॅनेज डॅश बीडीई’, मग स्पेस, मग ‘डॅश स्टेटस’ असं टाइप करा. सी ड्राइव्हसमोर ‘प्रोटेक्शन ऑन’ दिसलं, तर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून त्या डिव्हाइसची की कागदावर उतरवा. मग कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर तात्पुरतं ‘सस्पेंड’ करा. कंट्रोल पॅनलमधून ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं होतं.

फक्त बूटची नोंद गेली असेल तर

शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा. निळ्या पडद्यावर ‘युज अ डिव्हाइस’ निवडा. तिथे ‘उबंटू’ दिसलं तर ते निवडा, लिनक्स सुरू होईल. म्हणजे फक्त क्रम बदलला होता. मग बायॉसमध्ये जाऊन बूटच्या यादीत उबंटू वर न्या. बायॉसची कळ साधारणपणे डेल, एसर आणि आसुसवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ२ आणि थिंकपॅडवर एफ१ असते. मिंटवाल्यांनी गोंधळू नये, मिंटची नोंदही ‘उबंटू’ याच नावाने असते.

यादीत नावच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल. किमान ८ जीबीची पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या कंप्युटरवर रूफस किंवा व्हेंटॉयने लिनक्स मिंट तिच्यावर चढवा. मिंट सुचवण्याचं कारण म्हणजे त्याच्या लाइव्ह मेनूत ‘बूट रिपेअर’ आधीपासून असतं. उबंटूवर ते वेगळं आणावं लागतं. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच बूट करा. बूट मेनूत तिचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्यासमोर ‘यूईएफआय’ लिहिलंय तेच घ्या, नाहीतर बूट रिपेअर चुकीच्या जातीचा ग्रब (सुरुवातीचा मेनू दाखवणारा बूटलोडर) बसवू शकतं. मग ‘रेकमेंडेड रिपेअर’ दाबा आणि ते शेवटी जो अहवाल दाखवतं तो जपून ठेवा.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आणि त्याआधी ‘नो सच पार्टिशन’ किंवा ‘अननोन फाइलसिस्टिम’ दिसत असेल, तर मधे आलेल्या नव्या रिकव्हरी पार्टिशनमुळे क्रमांक सरकलेत. ग्रब ५ नंबरचं दार ठोठावतोय आणि तुम्ही आता ६ मध्ये राहता. ‘एलएस’ टाइप केलं की पार्टिशनांची यादी येते. एकेकाच्या नावापुढे ‘स्लॅश बूट स्लॅश ग्रब’ जोडून पुन्हा ‘एलएस’ करा. जिथे फायलींची नावं उमटतील ते तुमचं. मग ‘सेट रूट’ला बरोबरच्या खुणेनंतर ते पार्टिशन द्या, ‘सेट प्रिफिक्स’ला तेच पार्टिशन आणि पुढे ‘स्लॅश बूट स्लॅश ग्रब’. मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. मेनू येईल. आत शिरल्यावर ‘ग्रब इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट ग्रब’ चालवलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तोच पडदा समोर येईल.

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ असं म्हणून मशीन बंद पडत असेल, तर पार्टिशनचा काही दोष नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर अडवणारा नियम फर्मवेअरमध्ये लिहिला आणि ड्युअल बूटची बरीच मशीनं अडली. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये शिरा आणि ‘मॉकयूटिल’ला ‘सेट एसबॅट पॉलिसी डिलीट’ हा आदेश सुडोसह (म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) द्या. एकदा रीस्टार्ट करून लिनक्स अपडेट करा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा.

लाइव्ह लिनक्सला डिस्कच दिसत नाही, असंही होतं. तेव्हा बायॉसमध्ये स्टोरेजचा प्रकार पाहा. बायॉस अपडेट झालं की सेटिंग मूळपदावर येतं आणि इंटेलचं ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ चालू होतं. ते ‘एएचसीआय’ करायचंय, पण थेट बदललंत तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून पडेल. आधी विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग ती खूण काढा.

टेबलातली नोंद गेली असेल तर: आधी नक्कल

आता काम नाजूक आहे. लाइव्ह मिंट सुरू करून ‘ट्राय’ मोडमध्ये राहा. नेट जोडून टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ आणि त्यापुढे टेस्टडिस्क, जीडिस्क, जीडीडीरेस्क्यू, स्मार्टमॉनटूल्स ही चार नावं द्या. हे सगळं रॅममध्ये बसतं, तुमच्या डिस्कवर काही जात नाही.

आधी डिस्कची तब्येत पाहा. ‘सुडो स्मार्टसीटीएल डॅश ए’ आणि पुढे डिस्कचं नाव. जुन्या सीगेट, डब्ल्यूडी वगैरे फिरत्या डिस्कवर १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळींत शेवटचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्क स्वतःच मरणपंथाला लागली आहे. मग आधी नक्कल, नंतर बाकी सगळं. टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि घरगुती प्रयोग थांबवा.

नक्कल ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी बाहेरची डिस्क हवी. ५१२ जीबीच्या एसएसडीसाठी १ टीबीची घ्या. तिची फाइल सिस्टिम एफएटी३२ नको, कारण तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालेल. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं, पण रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. लॅपटॉपमधून एम.२ एसएसडी काढून एन्क्लोजरमध्ये घालणार असाल तर दुकानात एसएसडी बरोबर न्या. एनव्हीएमईचं एन्क्लोजर आणि साटाचं एन्क्लोजर बाहेरून सारखं दिसतं, पण एकातली दुसऱ्यात चालत नाही, आणि ‘बसलं म्हणजे चालेल’ हे इथे खरं नाही.

मग ‘सुडो डीडीरेस्क्यू डॅश एन’, त्यापुढे मूळ डिस्क, त्यापुढे नकलेच्या फाइलचं नाव, आणि शेवटी मॅप फाइलचं नाव. हा क्रम दोनदा वाचा. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर वाचवण्यासारखं काही उरणार नाही. मॅप फाइल दिली की मधे वायर निघाली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर ५१२ जीबीला सुमारे दीड तास आणि १ टीबीला पावणेतीन तास लागतात. चार्जर लावून ठेवा आणि ‘झोप’ मोड बंद करा.

टेस्टडिस्कने हद्द शोधणं

‘सुडो टेस्टडिस्क’ चालवा. ‘क्रिएट’ दाबून लॉग बनवा, डिस्क निवडा, ‘प्रोसीड’. टेबलाचा प्रकार टेस्टडिस्क स्वतः ओळखून त्यावर पट्टी ठेवतो. ‘ईएफआय जीपीटी’ म्हणजे जीपीटी, ‘इंटेल’ म्हणजे एमबीआर. तुम्ही आठवून लिहिलेल्याशी तो जुळतो का ते पाहा, मग ‘ॲनलाइज’ आणि ‘क्विक सर्च’. त्यात सापडलं नाही तर ‘डीपर सर्च’. ते डिस्कभर शोधतं, म्हणून मोठ्या फिरत्या डिस्कवर काही तास जातात.

समजा ५१२ जीबीच्या डिस्कवर यादीत ही ओळ आली: लिनक्स, सुरुवात ६२९३८५२१६, शेवट ९८१७०६७५१, आकार ३५२३२१५३६ सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्क मोजायचं छोटं एकक). तिच्याकडे लगेच विश्वासाने पाहू नका, पडताळा घ्या. सुरुवातीच्या आकड्याला २०४८ ने भागा: उत्तर ३०७३१७, बाकी शून्य. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली साधनं पार्टिशन १ एमबीच्या, म्हणजे २०४८ सेक्टरच्या, पटीतच सुरू करतात. बाकी उरली तर बहुधा तो खरा आरंभ नसून आत कुठेतरी पडलेल्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या फाइलीचा किंवा जुन्या इन्स्टॉलेशनचा अवशेष असतो. आता ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणा: ३५२३२१५३६ सेक्टर म्हणजे बरोबर १६८ जीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेले जीबी). इन्स्टॉल करताना तुम्ही ‘सुमारे १७०’ दिले होते असं आठवत असेल, तर जुळलं.

त्या ओळीवर ‘पी’ दाबा. होम फोल्डर, त्यात तुमचं नाव, त्यात तुमच्या फायली दिसल्या की निम्मी लढाई जिंकलीत. इथेच एक जादाची सोय वापरा. फायलींवर ‘:’ ने खूण करत जा, मोठ्या ‘सी’ने खूण केलेल्या सगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा. टेबल दुरुस्त करण्याआधीच जीव की प्राण असलेलं फोल्डर बाहेर आलेलं बरं.

दुसऱ्या ओळी एकमेकींवर चढत असतील तर टेस्टडिस्क त्या एकदम लिहू देणार नाही. जुनं उबंटू आणि त्याच जागेवरचं नवं एनटीएफएस, दोन्ही खरे अवशेष आहेत, पण एका जागेत दोन्ही राहू शकत नाहीत. तेव्हा टेबलाला हात न लावता फायली उतरवून घ्या.

लिहायची वेळ

टेस्टडिस्क शेवटी ‘राइट’ देतो. ते यादीतला आख्खा टेबल नव्याने लिहितं, फक्त हरवलेली ओळ नव्हे. यादीत विंडोजचं ईएफआय (बूटच्या फायलींचं) पार्टिशन किंवा रिकव्हरी पार्टिशन सुटलं असेल तर तेही टेबलातून जातं. म्हणून जीपीटी डिस्कवर टेस्टडिस्क फक्त आकडे शोधायला वापरावा आणि नोंद जीडिस्कने हाताने घालावी, हा मार्ग जास्त सुरक्षित आहे. चालू टेबल जसाच्या तसा राहतो, एक ओळ तेवढी वाढते.

‘सुडो जीडिस्क’ आणि डिस्कचं नाव. ‘पी’ दाबून चालू टेबल पाहा, ती जागा खरंच मोकळी आहे ना ते तपासा. ‘एन’ दाबा, क्रमांक जो सुचवेल तो घ्या, पहिला सेक्टर ६२९३८५२१६, शेवटचा ९८१७०६७५१, प्रकार ८३००. पहिला सेक्टर स्वीकारताना जीडिस्क ‘मूव्ह्ड रिक्वेस्टेड सेक्टर’ म्हणाला, तर त्याने तुमचा आकडा सरकवलाय. थांबा, ‘एक्स’ मेनूत ‘एल’ने अलाइनमेंट १ करा आणि ती नोंद पुन्हा घाला. मग ‘पी’ने आकडे मोठ्याने वाचून ताडून पाहा. शंका असेल तर ‘क्यू’, काहीही लिहिलं जात नाही. खात्री असेल तरच ‘डब्ल्यू’. यात फॉरमॅट होत नाही, फक्त हद्द लिहिली जाते. हेच काम जीपार्टेडच्या ‘न्यू’ने करायला जाऊ नका. तो नवं पार्टिशन बनवताना सरळ नवी फाइल सिस्टिमही घालतो.

डिस्क अजूनही एमबीआरच असेल तर एक्स्टेंडेड आणि लॉजिकलची साखळी हाताने जोडणं किचकट आहे. तिथे टेस्टडिस्कचं ‘राइट’च बरं. डाव्या-उजव्या बाणांनी विंडोजचं बूट पार्टिशन ‘*’, बाकीची प्रायमरी ‘पी’, लॉजिकल ‘एल’ अशी खूण सगळ्यांना करा.

जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या ३३ सेक्टरांत असते हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ती इथे उपयोगी पडेलच असं नाही. विंडोजने पार्टिशन डिलीट केलं तेव्हा त्याने दोन्ही प्रती बदलल्या. ही प्रत कामी येते ती डिस्कची फक्त सुरुवात खराब झाली असेल तेव्हा, उदाहरणार्थ पेनड्राइव्हऐवजी चुकून डिस्कवरच आयएसओ लिहायला घेऊन मध्येच थांबवलं असेल. तेव्हा जीडिस्कमध्ये ‘आर’, मग ‘बी’, मग ‘सी’, ‘पी’ने पाहून ‘डब्ल्यू’.

फाइल सिस्टिमची तपासणी

नोंद आली म्हणून लगेच माउंट करू (उघडून वापरायला घेऊ) नका. आधी ‘सुडो ई२एफएससीके डॅश एन’ आणि पार्टिशनचं नाव. ‘डॅश एन’ असेल तर तो फक्त पाहतो, लिहीत नाही. वरच्या उदाहरणात फाइल सिस्टिमचा आकार ४४०४०१९२ ब्लॉक यायला हवा, कारण ४०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये ८ सेक्टर मावतात. ‘सुपरब्लॉकनुसार आकार अमुक, डिव्हाइसचा आकार तमुक’ असं म्हणत त्याने थांबायचं का विचारलं तर थांबा. शेवटचा सेक्टर कमी लिहिला गेलाय. जीडिस्कमध्ये ती ओळ काढून बरोबर शेवट घालून परत लिहा. इथे घाईघाईने दुरुस्ती स्वीकारली, तर फाइल सिस्टिम चुकीच्या मापाने कापून शिवली जाते.

‘बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक’ आलं तर पहिला सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमचं माप सांगणारा ब्लॉक, गेलाय. ४०९६ च्या ब्लॉकवर त्याच्या प्रती ३२७६८, ९८३०४, १६३८४० या ब्लॉकांवर असतात. ‘ई२एफएससीके डॅश बी ३२७६८’, मग मोठ्या बी सह ‘४०९६’ देऊन चालवा, हेही आधी नकलेवर.

पार्टिशन ल्युक्सने (लिनक्सच्या बिटलॉकरसारख्या सोयीने) एन्क्रिप्ट केलेलं असेल तर टेस्टडिस्कला आतल्या फायली दिसणार नाहीत, फक्त ल्युक्सचा आरंभ सापडेल. आरंभीचा हेडर शाबूत असेल तर पासवर्डने उघडेल. हेडरवर काही लिहिलं गेलं असेल आणि त्याची प्रत नसेल, तर पासवर्ड माहीत असूनही उघडत नाही.

परत आल्यावरच्या दोन किरकिरी

फायली दिसल्या, बूट रिपेअर चाललं, ग्रब आला, आणि तरी लिनक्स सुरू होताना ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट अडून इमर्जन्सी मोडमध्ये पडलं? क्लीन इन्स्टॉलने ईएफआय पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलं, म्हणून त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलला. लिनक्स अजून जुनाच शोधतंय. ‘सुडो बीएलकेआयडी’ने नवा पाहा. ‘एफएसटॅब’ या फाइलीत ‘बूट ईएफआय’च्या ओळीवर तो घाला. एफएटीचा यूयूआयडी छोटा, मधे एक डॅश असलेला आठ अक्षरांचा असतो, त्यामुळे ओळखायला सोपा. स्वॅप पार्टिशन नव्याने केलं असेल तर त्याची ओळही बदला.

दुसरी किरकीर म्हणजे ग्रब आला, पण त्यात विंडोज नाही. उबंटू २२.०४ पासून दुसऱ्या ओएसचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘ईटीसी डिफॉल्ट ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करा, ‘अपडेट ग्रब’ चालवा.

कुठे थांबायचं

एसएसडीवर पार्टिशन नुसतं डिलीट झालं असेल तर आशा चांगली. त्या जागेवर फॉरमॅट झालं असेल तर विंडोज ट्रिमचा आदेश पाठवतं, एसएसडी ते ब्लॉक रिकामे करतं, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर शून्यंच वाचतं. ‘डीपर सर्च’मध्ये काहीच न सापडण्याचं मोठं कारण हेच असतं. फिरत्या डिस्कवर तसं होत नाही. विंडोजच्या फायली पुढच्या भागात भरत जातात, मागच्या अर्ध्यातलं लिनक्स बरंचसं शाबूत राहू शकतं. तिथे टेस्टडिस्कमधून फायली उतरवा. तेही जमलं नाही तर फोटोरेक. तो फोटो, पीडीएफ, डॉक्युमेंट बाहेर काढतो, पण मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फायली ‘एफ’ आणि आकडे अशा नावांनी येतील, त्यांतून मराठी नावाची तुमची फाइल उघडून उघडूनच शोधावी लागेल.

दुरुस्तीच्या दुकानात डिस्क द्यायची वेळ आली तर दोन प्रश्न आधी विचारा: तुम्ही आधी क्लोन करता का, आणि मूळ डिस्कवर काही लिहिता का? पहिल्याचं ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असं स्पष्ट उत्तर मिळालं तरच डिस्क हातात द्या. आधीचे सगळे प्रयत्न न लपवता सांगा, कारण फॉरमॅट झालंय की फक्त डिलीट, यावर त्यांची पद्धत ठरते.

आणि सगळं सुरळीत सुरू झालं की त्याच दिवशी ‘सुडो एसजीडिस्क डॅश डॅश बॅकअप’ ला फाइलीचं नाव आणि पुढे डिस्कचं नाव देऊन टेबलाची प्रत काढा. ती अगदी किरकोळ आकाराची फाइल असते. स्वतःला मेल करा, पेनड्राइव्हवरही ठेवा, त्याच डिस्कवर नको. पुढच्या वेळी फक्त टेबल गेलं असेल तर ‘डॅश डॅश लोड डॅश बॅकअप’ने ते परत येतं आणि सेक्टरांचे आकडे शोधत बसायची वेळ येत नाही. पार्टिशनचं माप कधी बदललं तर नवी प्रत काढा, जुनी पुसून टाका.